सापडलेला वायू आणि घेतलेला शेअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

समुद्रात वायूचा शोध घेणाऱ्या कंपन्यांचे शेअर आणि त्यांत उतरणारे लहान गुंतवणूकदार यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले तीन आक्षेप आहेत. कंपनी जेव्हा शेअर बाजाराला रीतसर पत्र देऊन शोध जाहीर करते तेव्हा त्या माहितीवर शेअर घेणाऱ्याला सट्टेबाज म्हणणे अन्यायाचे आहे, हा पहिला. २००२ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू सापडल्यावर ज्यांनी रिलायन्सचे शेअर घेऊन ठेवले त्यांचे भलेच झाले, हा दुसरा. आणि आधीच मुदत ठेवींच्या पलीकडे न जाणाऱ्या मराठी माणसाला असे लेख आणखी घाबरवतात, हा तिसरा. निवृत्तीच्या पैशातला काही भाग आपण अशाच एका लहान कंपनीत घातला आहे हेही आपण मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर लिहितो आहे.

आरंभीच एक चूक कबूल करतो. लेखाच्या शेवटी मी ‘हवेचा व्यापार’ असा शब्दप्रयोग केला होता, तो मागे घेतो. कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात वायू होता आणि आहे. केजी-डी६ या तिथल्या रिलायन्सच्या क्षेत्रातून २ एप्रिल २००९ रोजी वायू यायला लागला आणि वर्षभरात उत्पादन दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेले, म्हणजे देशाच्या त्या वेळच्या एकूण उत्पादनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पुढे तिथेच आर-क्लस्टर, सॅटेलाइट क्लस्टर आणि एमजे ही नवी क्षेत्रे २०२० ते २०२३ या काळात सुरू झाली. तेव्हा शोध खोटे असतात असे मला म्हणायचे नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की समुद्रातला वायू आणि शेअर घेणाऱ्याच्या हाती येणारा पैसा यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते, आणि भाव मात्र ते अंतर संपल्यासारखा पहिल्याच दिवशी वर जातो.

आता आपला दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. रिलायन्सच्या भागधारकाने पैसा कमावला हे खरे. पण तो वायूवर कमावला का? त्या कंपनीच्या पाठीशी जामनगरचा शुद्धीकरण कारखाना होता, पेट्रोकेमिकल्स होती, नंतर दूरसंचार आणि किरकोळ विक्री आली. आणि ज्या काळात वायूच्या आशेवर तो शेअर चालायला हवा होता, त्या २००९ ते २०१६ या वर्षांत त्याचा भाव जवळपास एकाच पट्ट्यात घुटमळत राहिला, हे त्या वेळी शेअर धरून बसलेल्या कोणालाही आठवत असेल. वायूचाच हिशेब करायचा तर ज्या कंपनीचा जीव प्रामुख्याने त्या वायूवर होता तिच्याकडे पाहिले पाहिजे. अशी एक कंपनी होती: कॅनडातील कॅलगरीची निको रिसोर्सेस. केजी-डी६ मध्ये तिचा १० टक्के हिस्सा होता. तीच विहीर, तोच वायू, तोच सरकारी भाव. तिचा शेअर भरात असताना टोरांटोच्या बाजारात १०० कॅनेडियन डॉलरच्या वर होता. डी१ आणि डी३ या मुख्य क्षेत्रांतील साठ्याचा १० टीसीएफच्या घरातला अंदाज २०१२ पर्यंत सुमारे ३ टीसीएफवर आला (एक टीसीएफ म्हणजे एक लाख कोटी घनफूट), विहिरींत वाळू आणि पाणी शिरले, दिवसाला ८ कोटी घनमीटरचे लक्ष्य गाठण्याऐवजी २०१३-१४ पर्यंत उत्पादन दीड कोटीच्याही खाली उतरले, आणि निकोचा शेअर डॉलरवरून सेंटांवर आला. अखेरीस आपल्या वाट्याचा खर्च भरणेही तिला जमले नाही आणि तो हिस्सा रिलायन्स व तिची भागीदार असलेली ब्रिटिश तेलकंपनी बीपी यांच्याकडे गेला. उत्पादन का घटले यावर सरकार आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला: ठरलेल्या संख्येइतक्या विहिरी खोदल्या नाहीत असे सरकारचे म्हणणे, तर भूगर्भच अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला असे कंपनीचे. तो वाद कोणीही जिंको, निकोच्या लहान भागधारकाला त्यातून काही परत मिळणार नव्हते.

शेजारच्या क्षेत्राची गोष्टही तशीच. जून २००५ मध्ये गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाच्या क्षेत्रात २० टीसीएफ वायू असल्याची घोषणा झाली. ते महामंडळ बाजारात नोंदलेले नव्हते, पण त्या क्षेत्रात लहानसा हिस्सा असलेली जिओग्लोबल रिसोर्सेस ही कॅलगरीचीच कंपनी अमेरिकेच्या बाजारात नोंदलेली होती, आणि त्या घोषणेनंतर तिचा शेअर कित्येक पटींनी चढला. पुढे विकास आराखड्यापर्यंत पोहोचताना साठ्याचा आकडा त्या घोषणेच्या एक दशांशाच्या आसपास उरला. तो शेअरही सेंटांवर गेला.

यावरून आपल्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. बाजाराला दिलेले पत्र अधिकृत असते, हे मान्य; ते बहुधा खरेही असते. परंतु त्यातला ‘शोध’ हा करारातला शब्द आहे. विहिरीतून तपासणीच्या वेळी वायू पृष्ठभागावर आला की शोध झाला. त्यानंतर आणखी विहिरी खोदून मूल्यांकन, मग तो साठा काढणे परवडते अशी घोषणा, मग विकास आराखडा, त्याची मंजुरी, मग समुद्रतळावरच्या नळवाहिन्या आणि यंत्रणा. केजी-डी६ चा शोध ऑक्टोबर २००२ चा आणि वायू २००९ चा, आणि हे देशातल्या सर्वांत धनवान कंपन्यांपैकी एकीच्या हातून, झपाट्याने झालेले काम मानले जाते. शिवाय पत्रातला आकडा बहुतेकदा जागेवरच्या, म्हणजे भूगर्भात एकूण असलेल्या, साठ्याचा असतो. काढता येण्याजोगा साठा त्याहून नेहमीच कमी असतो, आणि कधी कधी फारच कमी. हे दोन शब्द ज्याने वेगळे करून वाचले नाहीत त्याने खरी माहिती वाचूनही चुकीचा सौदा केलेला असतो.

माझ्या मामांचे उदाहरण सांगतो, कारण हा विषय मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच शिकलो. बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवलेले गृहस्थ. डोंबिवलीतल्या एका सबब्रोकरच्या कार्यालयात रोज साडेनऊला जाऊन बसत. एका लहान वायुशोध कंपनीचे शेअर त्यांनी घेतले होते. त्यांच्या लांबट वहीत डाव्या पानावर तारीख, नग आणि भाव असे, आणि उजव्या पानावर वर्तमानपत्राची कात्रणे चिकटवलेली असत. एका कात्रणातल्या साठ्याच्या आकड्याखाली त्यांनी लाल शाईने दोनदा रेघ मारली होती. भाव पडू लागला तशी डाव्या पानावर खरेदी वाढत गेली. प्रत्येक नोंदीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात ‘ॲव्हरेज’ असे लिहिलेले, म्हणजे पडत्या भावाला आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणणे. ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्यात कंपनीचे कर्ज किती, रोजचे उत्पादन किती, वायू कोणत्या भावाने विकला जातो, याची एकही नोंद नाही. मामा आळशी नव्हते, लोभी तर मुळीच नव्हते. साठा आहे म्हणजे आज ना उद्या भाव येणारच, एवढ्या एका विश्वासावर ते थांबून राहिले.

वायूच्या भावाचा मुद्दा मूळ लेखात मी एका ओळीत उरकला, तो इथे पुरा करतो. आपल्याकडे वायू कोणाला आणि काय भावाने विकायचा यात सरकारचा हात नेहमीच राहिला आहे. ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. अनिल अंबानी यांच्या आरएनआरएल (रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस) या कंपनीचा दावा असा होता की अंबानी बंधूंच्या कौटुंबिक वाटणीनुसार तिला रिलायन्सकडून केजी-डी६ चा वायू २.३४ डॉलर भावाने मिळावा (वायूचे हे भाव दर दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटचे, म्हणजे उष्णतेच्या मापाचे). सरकारने ठरवलेला भाव ४.२० डॉलर होता. त्या कंपनीची केजीच्या समुद्रात स्वतःची एकही विहीर नव्हती, होता तो फक्त हा दावा, आणि तरीही लाखो लहान भागधारकांनी तिचे शेअर धरले होते. निकाल विरोधात गेला आणि एका दिवसात शेअरचा भाव वीस टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच वर्षी कंपनी रिलायन्स पॉवरमध्ये विलीन झाली, चार शेअरांना एक या प्रमाणात. अलीकडचे पाहायचे तर जुन्या क्षेत्रांतील वायूचा सरकारी भाव ऑक्टोबर २०२० मध्ये १.७९ डॉलर होता आणि दोनच वर्षांनी ८.५७ डॉलर. साठा तोच, विहीर तीच, पण कंपनीच्या उत्पन्नात जवळजवळ पाचपट फरक. या चढउतारावर शेअर घेणारा माणूस भूगर्भावर नव्हे, तर केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या भाव ठरवण्याच्या सूत्रावर पैसे लावत असतो.

मराठी माणसाला मी घाबरवतो, हे म्हणणे मला लागले. देशातली पहिली खासगी तेल-वायू शोध कंपनी, हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन, १९८३ साली एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने उभी राहिली. अशा उद्योगाला धीराचा पैसा लागतो आणि तो सामान्य माणसाकडून आला तर मला आनंदच आहे. त्याच कंपनीला मुंबईजवळच्या समुद्रातले बी-८० हे क्षेत्र २०१७ मध्ये मिळाले आणि उत्पादन सुरू व्हायला २०२२ उजाडले. पावसाळ्यात अरबी समुद्रात बार्जवरची कामे थांबतात, एक हंगाम चुकला की वर्ष जाते. ज्याने पाच-सात वर्षे थांबण्याच्या तयारीने, बुडाली तरी घर चालेल एवढीच रक्कम घातली, त्याला मी गुंतवणूकदारच म्हणेन. बातमीच्या दिवशी वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसापुरत्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, रांग लावून घेतलेला शेअर मात्र सट्टाच आहे, मग बातमी कितीही अधिकृत असो.

आपल्याजवळचे शेअर ठेवावेत की विकावेत, हे मी सांगू शकत नाही. मी नोंदणीकृत सल्लागार नाही आणि आपल्या घरची गरज मला माहीत नाही. मात्र कंपनीचा शेवटचा वार्षिक अहवाल काढून चार आकडे जरूर शोधावेत: काढता येण्याजोगा साठा किती, गेल्या आठ तिमाहींत रोजचे उत्पादन वाढले की घटले, हाती रोख किती व कर्ज किती, आणि वायू कोणत्या करारानुसार कोणत्या भावाने विकला जातो. यांतला एखादा आकडा सापडला नाही, तर कोणता सापडला नाही हे मला अवश्य कळवावे. आपण दोघे मिळून तो अहवाल वाचू.

आपला,
लेखक