उष्णता सोडते म्हणून अभिक्रिया पळत नाही

परीक्षा जवळ आली की मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ‘झटपट नोट्स’चा पाऊस पडतो. त्यांत रासायनिक अभिक्रियांबद्दल चार गोष्टी हमखास असतात: ऊष्मादायी (उष्णता सोडणारी) अभिक्रिया जलद आणि ऊष्माग्राही (उष्णता शोषणारी) संथ; ऊष्माग्राही अभिक्रिया तापवल्याशिवाय होतच नाही; उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न खपता वेग वाढवणारा पदार्थ, अभिक्रियेला ऊर्जा पुरवतो; आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग दुप्पट. पाठ करायला छान. पण पहिल्या तीन चूक आहेत आणि चौथी अर्धवट.

ऊष्मादायी म्हणजे जलद? खिडकीचा गज बघा. लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होताना दणकून उष्णता बाहेर पडते, एक मोल (रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं एकक) फेरिक ऑक्साइडमागे सुमारे 824 किलोज्यूल. पण कोकणातल्या खाऱ्या हवेतही गज गंजून जायला वर्षं लागतात, म्हणून ती ऊब कुणाच्या हाताला जाणवत नाही. तेच लोखंड बारीक पूड करून मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडी ओल यांच्याबरोबर पुडीत भरलं की थंड देशांत मिळणारी हात शेकायची पुडी तयार होते. लोखंड तेच, हवाही तीच. हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढला, मिठाने हातभार लावला आणि वर्षांचं काम काही तासांत उरकलं.

पुण्याहून मुंबईला जायचं तर एकूण हिशोब उताराचा, साडेपाचशे मीटरच्या आसपास. तरी निघाल्यावर आधी लोणावळ्यापर्यंत थोडं चढावंच लागतं. दोन गावांच्या उंचीतला फरक म्हणजे अभिक्रियेतला ऊर्जाबदल आणि मधला चढ म्हणजे सक्रियण ऊर्जा, अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा. गाडी रखडते ती चढावर; पुढे उतार किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

अलिबागजवळ थळला खतासाठी अमोनिया तयार होतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होणं ही ऊष्मादायी अभिक्रिया, म्हणजे नोट्सच्या हिशोबाने सुसाट सुटायला हवी. पण नायट्रोजनचा तिहेरी बंध सहजासहजी तुटत नाही. त्यामुळे या पद्धतीत लोहाचा उत्प्रेरक, प्रचंड दाब आणि साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान लागतं. गंमत म्हणजे तापमान चढवलं की समतोलात (अमोनिया बनणं आणि तुटणं सारख्या वेगाने चालतं तेव्हा) हाती लागणारा अमोनिया कमी होतो. तरी तापवतात, कारण थंडीत अमोनिया भरपूर मिळेल, पण कधी मिळेल?

दुसरा मुद्दा स्वयंपाकघरातच निकालात निघतो. पेलाभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, तापमापी स्थिर होऊ द्या, मग खायचा सोडा घाला. फेस उसळतो आणि पारा खाली जातो. पेला हाताला गार लागतो. उष्णता हवी होती हे खरं, पण ती शेगडीनेच द्यायला हवी असं नाही, पाण्यातली ऊब पुरली. शिवाय हे चालतं झटक्यात, तेव्हा ‘ऊष्माग्राही म्हणजे संथ’ हेही इथेच बुडालं. आपोआप का होतं? सोड्यात बंदिस्त असलेला कार्बन डायऑक्साइड वायू होऊन मोकळा सुटतो. त्या वाढलेल्या अस्ताव्यस्ततेचाही हिशोबात वाटा असतो. नोट्स फक्त उष्णता मोजतात.

उत्प्रेरकाबद्दलचा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण मुलं तो कॉलेजपर्यंत घेऊन जातात. औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पेल्यात ओता आणि कच्च्या बटाट्याची फोड टाका. फोडीच्या कडेला आधी बारीक बुडबुडे, मग पांढरा फेस, आणि थोड्या वेळाने पेला कोमट. बटाट्याने ऊर्जा दिली असं वाटतं खरं. पण ऊर्जा पेरॉक्साइडची आहे, मोलमागे सुमारे 98 किलोज्यूल, आणि बटाटा नसता तरी विघटन पूर्ण झाल्यावर तितकीच निघाली असती. फक्त बंद बाटलीत ते इतकं रेंगाळतं की उष्णता हळूहळू खोलीत विरून जाते. जुन्या बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर फेसाळत नाही, ते यामुळेच. बटाट्यातल्या कॅटलेझ या विकराने (एन्झाइमने, म्हणजे सजीवांमधल्या उत्प्रेरकाने) डोंगरात बोगदा काढला, म्हणजे सक्रियण ऊर्जेचा चढ कमी केला. पुणे आणि मुंबई होती तिथेच राहिली. ऊर्जाबदल वाटेवर अवलंबून नसतो, हे रसायनशास्त्रज्ञ हेसने 1840 मध्येच मांडून ठेवलं आहे.

राहिला 10 अंशांचा नियम. तो ठोकताळा आहे. सक्रियण ऊर्जा मोलमागे 50 किलोज्यूलच्या आसपास असेल, तर 25 वरून 35 अंशांवर वेग खरंच जवळजवळ दुप्पट होतो. ती 100 असेल, तर साडेतीन पटीच्या वर जातो. आणि जिथे विकर किंवा जिवाणू काम करतात तिथे हा नियम ठरावीक हद्दीपर्यंतच चालतो. विरजण 40 अंशांच्या कोमट दुधात छान लागतं. नियमच खरा मानायचा, तर 70 अंशांच्या दुधात दही आठपट लवकर लागायला हवं. घालून बघा, सकाळी पातेल्यात दूधच असेल.