पंधरा आंबे खंय गेले?

कुडाळच्या एसटी स्टँडवर आज सकाळी एक काकी फोन स्पीकरवर टाकून मुंबईच्या लेकाशी बोलत होत्या. "साठ होते. मी मोजून भरलंय. तुझ्याकडे पंचेचाळीस कशे? पंधरा खंय गेले?" लेक म्हणतोय, "आई, बघतो मी." त्यावर काकी: "इचार तिका."

अर्धा स्टँड ऐकत होता. मोहोराला तुडतुडा लागतो ना, तसा संसाराला लागतो तो हा 'इचार तिका'.

पंधरा आंबे कुठे गेले हे त्या तिघांनाही माहीत असणार. 5 डझनांच्या पेटीतले सव्वा डझन सुनेच्या माहेरी गेले, झालं! काकींकडे सुनेचा नंबर नाही काय? पण जाब लेकाने विचारायचा. आणि हे महाशय रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणणार, "आई विचारत होती." मग ती तिच्या आईला फोन लावणार, आणि तिकडून येणार, "परत पाठवू काय आंबे?"

अरे, तिथल्या तिथे सांग ना, "मीच दिले गं." विषय संपला. आपल्या आईबापाशी आपण बोलायचं, तिच्या आईबापाशी तिने. मधे निरोप्या व्हायचं नाही. आणि नवराबायकोचं वाजलं की रात्री अकराला आईला फोन लावू नका. तुमचं सकाळच्या चहाला मिटतं. आईकडे ते गणपतीपर्यंत मुरतं आणि गौरीच्या ओवशाची सुपं मोजताना सगळ्यांसमोर बाहेर येतं.

लेकींच्या आयांनो, हसू नका. रोज व्हिडिओ कॉलवर "आज भांडी कोणी घासली?" विचारता, ती उलटतपासणीच आहे.

आता कोणीतरी 2016 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणून चिकटवेल, नवऱ्याला आईबापापासून तोडू पाहणं ही क्रूरता म्हणून. चिकटवा. त्या प्रकरणात आत्महत्येच्या धमक्या होत्या, खोटे आरोप होते, तेवढं वाचून चिकटवा.

बरं, मान्य. विरारच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट बागेच्या पैशातूनच जातं, आणि बाळंतपणाची रजा संपली की सासूच लागते. घ्या की मदत. फक्त पैसे बक्षीस की उसने, हे देतानाच सुनेसमोर बोला आणि कागदावर लिहा. नाहीतर पुढे पडदे कुठल्या रंगाचे यावरही बाग हक्क सांगते. किल्ली त्यांच्याकडे असू दे, पण येताना आधी फोन.

एवढं सगळं टाइप करून झालं आणि काकींवरचा राग मात्र उतरत चाललाय. आढीत पेंढ्यावर आंबे लावायचे, अधूनमधून उघडून बघायचे, डागी तेवढे वेगळे काढायचे, मग एकसारखे 60 निवडून पेटीत भरायचे. एकेक आंबा दोन-तीनदा हातातून गेलेला असतो. ती बाई मोजणारच हो. सुनेला हे कोणी सांगितलंय का? लेकाने तरी?

काकी, पुढच्या वर्षी दोन पेट्या भरा. दुसरीवर स्केचपेनने विहीणबाईंचं नाव घाला, आणि "पोचली काय?" म्हणून फोन थेट त्यांनाच लावा.

गाडी लागली तशा काकी उठल्या, फोन चालूच. "बरां, ऱ्हवांदे. गोड होते मा रे?"

पलीकडून: "अजून कापलेच नाहीत गं."