‘हलकं लाकूड साग म्हणून दिलं’ या रिव्ह्यूला वखारीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की गेल्या गणपतीच्या सुमारास आमच्याकडून नेलेली चौकट दोघांनी सहज उचलली, गावच्या वाड्याची चौकट काढताना मात्र चौघं लागले, म्हणजे आम्ही हलकं लाकूड साग म्हणून गळ्यात मारलं. शिवाय दाराच्या फळ्यांमध्ये आगपेटीची काडी जाईल एवढी फट पडलीय. मंगळवारी जुळे सोलापूरला तुमच्या घरी येऊन मी दोन्ही बघितलं. चौकटीबद्दल तुमचा गैरसमज झालाय. फळ्यांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ती चूक आमची आहे.

आधी चौकट. वाड्याची चौकट बाभळीची होती, हे तुमच्या सासऱ्यांनीच सांगितलं. वाळलेली बाभूळ घनफुटाला २२-२३ किलो भरते, साग १८ ते साडेअठरा. तुमची चौकट ५ बाय ३ इंचाची, उंबऱ्यासकट २१ फूट लांबी, म्हणजे २.२ घनफूट. वजन ४० किलोच्या आसपास. वाड्याची ६ बाय ४ ची होती. तेवढ्याच लांबीला ती साडेतीन घनफूट होते, वजन जवळजवळ ८० किलो. तिला चौघं लागणारच.

जड तेच चांगलं, ही समजूत आपल्याकडे उगाच आलेली नाही. औत, गाडीची चाकं, मागाचा धोटा, जिथे सतत आदळआपट आणि घासाघीस आहे तिथे जड लाकूडच टिकतं. पण वजन कशामुळे येतं ते बघा. झाड कुठलंही असो, लाकडाच्या पेशींच्या भिंतीची घनता जवळपास सारखीच असते, पाण्याच्या दीडपट. फरक पडतो तो आतल्या पोकळीचा. बाभळीत पोकळी कमी, सागात जास्त. सागाची किंमत वजनाची नाहीच. त्याच्या गाभ्यात जे तेलकट द्रव्य असतं त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजासहजी लागत नाही, आणि हवा बदलली तरी तो इतर लाकडांपेक्षा कमी हलतो. उलट बाभूळ एवढी जड, तरी तिच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. म्हणून तर जुने लोक ती महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवायचे.

तुमच्या सुताराकडे चौकटीचा उरलेला तुकडा होता, २ बाय २ बाय ६ इंचाचा. तुमच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो २६० ग्रॅम भरला. सागाला हे बरोबर आहे. पण आंब्याचा तुकडाही साधारण एवढाच भरतो, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. पटाशीने त्याचं डोकं साफ तासलं आणि तुमच्या मुलाने मोबाईलचा टॉर्च धरला. प्रत्येक वर्षाच्या कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ सरळ दिसत होती, आणि तासताना जुन्या चामड्यासारखा वास आला. आंब्यात ती छिद्रं अशी ओळीने येत नाहीत. तुकडा तुमच्याकडेच ठेवलाय, दुसऱ्या कुठल्याही जाणत्या सुताराला जरूर दाखवा.

आता फळ्या. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदीत. त्यातही कड्यांना धरून चिरलेली चापट फळी कड्यांना आडव्या चिरलेल्या फळीच्या साधारण दुप्पट आटते. तुमच्या फळ्या सहा इंची आणि चापट चिरलेल्या आहेत. ओल एक टक्का उतरली की अशी सागाची फळी रुंदीत सुमारे ०.२ टक्के आटते. मंगळवारी ओल मोजायच्या मीटरवर ८ टक्के दिसले आणि फट ३ मिलिमीटर, म्हणजे फळीच्या रुंदीच्या साधारण २ टक्के. उलटा हिशेब केला तर फळ्या तुम्हाला दिल्या तेव्हा त्यांच्यात १८ टक्क्यांच्या आसपास ओल होती. सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी ११-१२ च्या वर द्यायलाच नको होत्या. त्या वेळी चौकट आम्ही मीटर लावून दिली, फळ्या मात्र नुसत्या हाताने बघून ‘वाळलेल्या आहेत’ म्हणून सांगितलं. भर पावसाळ्यात नुसत्या हाताला ते कळत नाही. तुम्ही विश्वासाने घेतलं आणि नव्या घराच्या दाराला फट पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता प्रत्येक फळीचं रीडिंग बिलावर लिहूनच माल बाहेर जातो.

तुमच्या सगळ्या फळ्या आम्ही बदलून देतो, सुताराची मजुरीही आमची. मीटर लावून बाजूला काढलेल्या फळ्या तयार आहेत. या वेळी त्या दाराच्या कडेच्या पट्ट्यांत खिळे मारून किंवा सरस लावून पक्क्या करायच्या नाहीत, खाचेत मोकळ्या बसवायच्या, म्हणजे आत-बाहेर हलायला जागा राहील. पॉलिश वरच्या आणि खालच्या कडेलाही मारायचं, कारण ओल तिथूनच जास्त शिरते. सुतार हीच कड सोडून देतात, म्हणून त्या दिवशी मी स्वतः उभा राहीन.

तोपर्यंत एकच विनंती, फटीत लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की त्यांना जायला जागा उरणार नाही आणि दार चौकटीत अडकेल. येत्या आठवड्यात तुम्हाला सोयीचा वार कळवा.