तलवारबाजीतले ‘पुढचे डाव’ आणि तो फिरणारा मेसेज

गेले काही दिवस गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तलवारबाजीचं बेसिक सहा महिन्यांत होतं, त्यानंतरचे फ्लिक, फ्लेश असे ‘अ‍ॅडव्हान्स’ डाव व्हिडिओ बघून घरीच बसवता येतात. ज्याचा हात जलद तोच जिंकतो. आपल्या मुलांच्या रक्तातच तलवार आहे, शिगम्यात बघा. आणि टोक बोथट असल्यामुळे घरच्या सरावाला मास्क लागत नाही.

मी फोंड्यात मुलांना फॉइल शिकवते. तलवारबाजीचे तीन प्रकार आहेत, फॉइल, एपे आणि सेबर, त्यातला हा एक. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण त्यात एखाद्या मुलाचा डोळा जाईल.

टोक बोथट असतं, खरं आहे. पण खरी भीती मोडलेल्या पात्याची असते. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्हच्या बाबतीत हेच घडलं. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचा हा फॉइल विजेता. प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडलं, मास्कच्या जाळीतून आत शिरलं आणि तो वाचला नाही. मास्क, जाकीट आणि पात्याचं पोलाद यांचे नियम त्यानंतर कडक झाले. आपल्याकडे तर हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात चार दिवस पिशवीत राहिलेलं पातं बाहेर काढा, तांबूस ठिपके दिसतील. ठिपक्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर गंजाने पोलाद खाल्लंय, आणि पातं मोडलं तर तिथेच मोडणार. सराव संपला की मुलांकडून पाती कोरड्या फडक्याने पुसून घेते, वर मशीनच्या तेलाचा हात फिरवते. आणि मास्कशिवाय कुणालाही समोर उभं राहू देत नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आता फ्लिक. पातं चाबकासारखं वाकवून टोक खांद्यामागे किंवा पाठीवर उतरवायचं, हा तो डाव. व्हिडिओत फार देखणा दिसतो. पण २००५च्या सुमारास फॉइलमध्ये वार लागला की दिवा लावणाऱ्या यंत्राची वेळ बदलली. टोक अंगावर जास्त वेळ, साधारण १५ मिलिसेकंद, दाबलेलं राहिलं तरच दिवा लागू लागला आणि निसटते फ्लिक वाया जाऊ लागले. डाव संपलेला नाही, पण तेराव्या वर्षी त्याच्या मागे लागणं मला पटत नाही. फ्लेश म्हणजे मागचा पाय पुढे टाकत धावत जाऊन केलेला वार. त्याचं म्हणाल तर सेबरमध्ये मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून टाकायला नियमानेच मनाई आहे. फॉइल, एपे की सेबर, याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. मग मुलाने नेमकं काय बसवायचं?

सगळ्यात मोठी चूक वेगाची. फॉइलमध्ये दोघांचेही दिवे लागले तर आक्रमणाचा हक्क कुणाचा होता ते पंच बघतो. हात कितीही जलद असो, हक्क नसेल तर गुण नाही. एपेमध्ये १/२५ सेकंदाच्या आत दोघांचे वार लागले तर दोघांनाही गुण मिळतो.

माझ्याकडे डिचोलीहून एक मुलगी येते. विजेसारखी झेपावते, आणि दर वेळी तिचा लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला वार, पॅरी फोरमध्ये अडकतो (पॅरी म्हणजे वार पात्याने बाजूला सारणं, फोर हा त्यातला एक प्रकार), वर रिपोस्ट, म्हणजे उलट वार, खाते. तिला म्हटलं, पहिला वार मुद्दाम आखूड कर, लागू नये असाच. मी पॅरी करीन, माझा रिपोस्ट येईल, तो तू अडव आणि मग मार. ती म्हणाली, “मॅडम, मारायचंच नाही तर पुढे कशाला जायचं?” हात थांबायला तीन आठवडे गेले. डिसएंगेज तर मी तिच्याकडून कोपर भिंतीला टेकवून करून घेतलं. अंगठा आणि तर्जनीनेच टोक माझ्या पात्याखालून फिरवायचं, मनगट हललं की पुन्हा पहिल्यापासून. यात नवा डाव एकही नाही. लंज, पॅरी, रिपोस्ट तिला आधीपासून येत होते. शिकायचं होतं ते अंतर, वेळ आणि समोरच्याला काय करायला लावायचं ते. त्यासाठी समोर हलणारं, फसवणारं माणूसच लागतं. व्हिडिओचा उपयोग आहे, पण स्वतःच्या लढती परत बघायला.

शिगम्याबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण माझं माहेर डिचोलीचं. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार आणि ढोल-ताशांवर पडणारी पावलं, ही घोडेमोडणी बघतच मी मोठी झाले. तिथून आलेल्या मुलांना ताल चटकन कळतो. दोन पावलं हळू, तिसरं अचानक जलद, हे त्यांना फार समजवावं लागत नाही. पण घोडेमोडणीत तलवार वर धरलेली असते आणि जोडीदार वार चुकवत नसतो. पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, टोक समोर रोखलेलं, मागचं पाऊल काटकोनात आणि समोरचा तुमच्या चुकीची वाट बघत असतो. ताल घरून येतो, बाकीचं शिकावंच लागतं.

आणि ते सहा महिने. चेन्नईच्या भवानीदेवीने २००४ साली शाळेत सुरुवात केली. सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी. ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय तलवारबाज म्हणून ती टोकियोत उभी राहिली २०२१ साली. पहिली लढत १५-३ जिंकली, दुसरीत मॅनन ब्रुनेकडून ७-१५ हरली. मध्ये सतरा वर्षं गेली. आमच्या हॉलमधली मुलं सहाव्या महिन्यात लंजमधून मागे येताना अजून ताठ उभी राहतात, छाती उघडी पडते आणि तिथेच वार खातात. सध्या आम्ही त्यावर काम करतोय.