कुठलाही फोन चालत नाही, दादा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच विषय पेटलाय. आई-बाबा मे महिन्यात माझ्याकडे जर्मनीत कॉन्स्टान्झला येणार आहेत, बाबांचा फोन जुना झालाय, तर नवा कोणता घ्यायचा? माझ्या चुलतभावाचं, दादाचं, म्हणणं असं: "१५ हजारांचा कुठलाही फाइव्ह-जी फोन घ्या आणि इथूनच रोमिंग पॅक मारा. तिकडे डेटा महाग. हिला भरपूर नेट वापरायची सवयच नाही, हिला काय विचारताय?" माझ्यावरच्या त्या शेवटच्या वाक्याला सात जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यात माझी सख्खी आत्याही होती.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

कारण "कुठलाही फोन" कसा चालतो ते आम्ही मागच्या वेळी बघितलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आई-बाबा इथल्या ब्लॅक फॉरेस्ट या जंगलभागात गेले होते. मला सुट्टी नव्हती. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या बस-लोकलचा महिन्याचा पास) काढून दिलं, आल्डी या सुपरमार्केटमधलं सिम बाबांच्या फोनमध्ये घालून दिलं, डेटा भरपूर होता. तितीझेच्या पुढे एका खेड्यात त्यांची परतीची बस चुकली. रविवार होता. बाबांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, लोकेशन पाठवा. लोकेशन जाईना. नकाशाचा करडा चौकोन करडाच राहिला, कोपऱ्यात रेंजच्या कांड्यांशेजारी 'ई' हे एकच अक्षर. शेवटी बाबा बस थांब्याच्या पाटीखाली उभे राहिले आणि नाव एकेक अक्षर वाचायला लागले. "एच. आय. एन. टी. ई. आर. पुढे जागा सोडलीय का कळत नाही गं." मी इकडे पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होते. पुढची बस एक तास चाळीस मिनिटांनी होती. आईचं स्वेटर हॉटेलवर राहिलं होतं.

दादाने यावर लिहिलं, "म्हणजे जर्मनीतच रेंज नाही." आहे रेंज. त्याच थांब्यावर उभ्या असलेल्या पोरांचे फोन व्यवस्थित चालत होते, हे आईनेच मला सांगितलं. इथे खेड्यापाड्यांत फोर-जी बहुतांशी ८०० मेगाहर्ट्झवर येतं, म्हणजे बँड २० (बँड म्हणजे टॉवरच्या लहरींचा ठरावीक पट्टा). आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त फोनांत तो बँडच नसतो, कारण भारतात त्याची गरज नाही. आपला बँड ५ हा ८५० चा, आकडा जवळचा पण बँड वेगळा. बरं, पूर्वी फोर-जी नाही मिळालं तर फोन थ्री-जीवर तरी यायचा. जर्मनीत थ्री-जी २०२१ मध्ये बंद झालं. आता फोर-जी सुटलं की थेट टू-जी. तोच तो 'ई'. रोमिंग पॅक कितीही मोठा मारा, ज्या टॉवरचं फोनला ऐकूच येत नाही त्यापुढे पॅक काय करणार?

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतेय, आधी बँड बघा, मग कॅमेरा. आणि एकाच नावाचा फोन भारतात वेगळा आणि युरोपात वेगळा असू शकतो, त्यामुळे कंपनीच्या साइटवर भारतीय मॉडेलचाच तक्ता उघडा.

आणि महाग म्हणजे काय? मी इथलं सिम घेऊन लिस्बनला गेले, वॉर्सोला गेले. २०१७ च्या जूनपासून युरोपियन युनियनभर घरच्याच दरात फोन चालतो. साताऱ्याचं प्रीपेड सिम श्रीनगरला उतरलं की बंद पडतं. दादा मागच्या वर्षी तिथे गेला तेव्हा नवीन सिमसाठी रांगेत उभा होता, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

हो, स्वित्झर्लंडला हा नियम लागू नाही, आणि माझ्या गावात तर सीमा न ओलांडताही फोन स्विस टॉवर पकडतो. पलीकडचं स्विस गाव क्रॉइत्सलिंगेन चालत पंधरा मिनिटांवर. बाबांना आल्या आल्या नेटवर्क 'ऑटोमॅटिक' वरून काढून हाताने निवडायला शिकवणार आहे. गावाला लागूनच्या तळ्यावर बोटीत बसले की विशेष.

राहिला ई-सिमचा, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, नेटवरून चालू होणाऱ्या सिमचा प्रश्न. फोनमध्ये *#०६# दाबलं आणि ईआयडी नावाचा लांब नंबर आला तर फोन ई-सिम घेतो. तसा असेल तर निघण्यापूर्वीच साताऱ्यात बसून युरोपचा डेटा घेता येतो. पण मामेबहीण म्हणते तसा अमेरिकेतून आयफोन मागवायचा नाही. तिथल्या आयफोनांना १४ पासून सिमची खाचच नाही. बाबांचं सिम हातात धरता येईल असं हवं. फोन पडला, फुटला, तर काढून दुसऱ्यात घालता आलं पाहिजे. एक खाच, एक ई-सिम, बँड २०. यात बसणारा गूगलचा पिक्सेल ८ए मी सुचवला. दादाच्या बजेटच्या बराच वर जातो. फरक मी भरणार आहे.

इतकं भांडले आणि रात्री झोप येईना. दादाचं ते वाक्य बोचलं, कारण त्यात थोडं खरं आहे. मी २०१४ मध्ये निघाले. तेव्हा एक जीबी थ्री-जीला अडीचशे रुपये पडायचे आणि आम्ही ते महिनाभर पुरवायचो. जिओ आलं २०१६ च्या सप्टेंबरात. भाजीवाल्यापासून आत्यापर्यंत सगळे दिवसभर व्हिडिओ बघायला लागले, तो सबंध काळ मी नव्हते. मला घरचं जे माहीत आहे ते त्याच्या आधीचं आहे.

माझाही फोन दोन सिमचा आहे. दुसऱ्या खाचेत साताऱ्यात पोवई नाक्यावर २००९ मध्ये घेतलेला नंबर आहे. ओटीपीसाठी ठेवलाय, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. बँकेत केव्हाच इथला नंबर दिलाय. त्या नंबरवर कर्जाच्या जाहिराती येतात, आणि दिवाळीला शाळेतल्या दोन मैत्रिणींचे मेसेज. तो बंद पडू नये म्हणून दर ८४ दिवसांनी बाबा त्याचं रिचार्ज करतात. कालनिर्णयवर तारखेभोवती निळ्या पेनाने गोल असतो. अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

काल त्यांचा फोन आला. ग्रुपवरच्या भांडणाबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "तुझं रिचार्ज १९ मेला येतंय. तेव्हा आम्ही तिकडेच. माझं सिम काढावं लागलं तर यूपीआय चालायचं नाही. काढावं लागेल का?"

"नाही बाबा. खाचेत तुमचंच राहील. इथलं आतून."