घोड्यांच्या त्या रांगेबद्दल

एक चित्र बरेच दिवस फिरतंय. डावीकडे कुत्र्याएवढा प्राणी, उजवीकडे रुबाबदार घोडा, मध्ये चढत्या उंचीचे दोन-तीन. खाली तीन दावे: घोडा पायरीपायरीने मोठा होत गेला नि त्याची बोटं झडत गेली, साडेपाच हजार वर्षांपूर्वी कझाकस्तानात माणसाळलेले घोडे हेच आजच्या सगळ्या घोड्यांचे पूर्वज, आणि स्पॅनिश लोक येईपर्यंत अमेरिकेने घोडा पाहिलाच नव्हता.

आधी रांग. ती कुणी मनाने काढलेली नाही. 1870च्या दशकात येल विद्यापीठाच्या ओथनियल मार्श यांनी हाताशी होते त्या जीवाश्मांवरून ती लावली. पुढे इतके जीवाश्म निघाले की रांगेचं झुडूप झालं. उंचीचंच घ्या. आर्किओहिप्पस हा नामशेष घोडा आपल्या पूर्वजांहून लहान झाला, नॅनिप्पस हा दुसराही ठेंगूच. बरं, एका खुराचे आले म्हणून तीन बोटांचे लगेच बाद झाले, असंही नाही. तीन बोटांचा हिप्पेरियन सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी अमेरिकेतून आशियात आला. आपल्या शिवालिक टेकड्यांत त्याचे जीवाश्म सापडतात. टांझानियात लाएटोली इथे ज्या 36 लाख वर्षं जुन्या राखेत माणसाच्या पूर्वजांची पावलं उमटली आहेत, तिच्यातच या घोड्यांचेही ठसे आहेत.

आणि बोटं पूर्ण झडलेली नाहीतच. माथेरानला गेलात तर घोडेवाल्याला विचारून घोड्याच्या पुढच्या पायाला, गुडघ्याखाली नळीच्या मागच्या अंगाला हात लावून बघा. (लाथ बसली तर मला बोलू नका.) दोन्ही कडांना एकेक बारीक हाड लागतं, ते निमुळतं होत खाली एका बारक्या गाठीशी संपतं. बाजूच्या दोन बोटांचं एवढंच शिल्लक राहिलंय.

दुसरा दावा 2018पर्यंत अभ्यासकांनाही पटण्यासारखा होता. कझाकस्तानातल्या बोताईला घोड्यांच्या हाडांचा खच मिळाला, भांड्यांत घोडीच्या दुधाचे अंश मिळाले. मग त्या हाडांचा डीएनए तपासला आणि पंचाईत झाली. बोताईचे घोडे निघाले प्रझेवाल्स्की घोड्यांचे पूर्वज. म्हणजे मंगोलियातले, ज्यांना आपण शेवटचे रानघोडे म्हणत होतो ते! आजच्या पाळीव घोड्यांत बोताईचा वाटा अगदी नगण्य. या पाळीव घोड्यांचं मूळ 2021च्या अभ्यासात सापडलं, ते व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशात. तिथून इसवी सनपूर्व 2000च्या सुमारास हे घोडे युरोप-आशियाभर इतक्या झपाट्याने पसरले की जुने स्थानिक घोडे जवळपास पुसले गेले. त्यांच्यात जी जनुकं निवडली गेलेली दिसतात, त्यांचा संबंध मजबूत पाठ आणि शांत स्वभावाशी लावला जातो. स्वार व्हायचं किंवा रथाला जुंपायचं, तर दुसरं काय हवं?

अमेरिकेचं थोडक्यात. घोड्याचं कूळ वाढलं तेच मुळी उत्तर अमेरिकेत. तिथून तो अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या तेव्हाच्या बेरिंगच्या भूपट्टीने आशियात उतरला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मायदेशातच संपला. कोलंबसने 1493मध्ये कॅरिबियन बेटांवर नि स्पॅनिश सेनानी कोर्तेसने 1519मध्ये मेक्सिकोत घोडे नेले, ते म्हणजे माहेरी परतणं. पुढे 1680मध्ये आजच्या न्यू मेक्सिकोतल्या मूळ रहिवासी प्युब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि तेव्हाच घोडे मूळ रहिवाशांच्या हाती लागले, असं सर्रास लिहिलं जातं. तेही टिकत नाही: 2023मध्ये तपासलेल्या सांगाड्यांवरून दिसतं, की त्याच्या कितीतरी आधी ते लोक घोडे पाळत होते, त्यांवर स्वार होत होते.