एजीपीएलमुळे कंपनीचा सगळा कोड उघडा करावा लागतो? नाही!

एजीपीएल हे सॉफ्टवेअर वापरण्याच्या, बदलण्याच्या अटी सांगणारं एक लायसन्स. त्याबद्दल फिरणारा एक फॉरवर्ड: "एजीपीएलचं एकही सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकलंत की कंपनीचा सगळा कोड जगाला द्यावा लागतो. हे फ्री लायसन्सच नाही. गूगलनेही बंदी घातलीय. एक चूक झाली की हक्क कायमचा गेला." हा फॉरवर्ड भाचीच्या ऑफिसात पोचला आणि तिथे सुरळीत चाललेलं ग्राफाना (आकडे आलेखांत दाखवणारं, एजीपीएलचंच सॉफ्टवेअर) काढून टाकायची तयारी सुरू झाली. काढू नका.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे आणि खरं नुकसान त्यानेच होतं. एजीपीएल 3 चं तेरावं कलम उघडा. सुरुवातीलाच अट आहे: तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केलात तर. ग्राफाना जसं उतरवलं तसंच चालवत असाल तर विषय तिथेच मिटला. बदल केलात, तर ती बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना तिचा सोर्स (मूळ कोड) फुकट मिळाला पाहिजे. तिचा, शेजारी चालणाऱ्या तुमच्या बिलिंगचा नव्हे. सॉकेटवरून (म्हणजे नेटवर्कसारख्या जोडणीतून) एकमेकांशी बोलणारे प्रोग्रॅम सहसा स्वतंत्रच धरले जातात, हे खुद्द एजीपीएल काढणारी संस्था, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, सांगते. ग्राहकांचा डेटा, पासवर्ड यांचा तर संबंधच नाही.

बदल केलाच असेल तर चालू आवृत्तीला गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टॅग, म्हणजे खुणेचं नाव, लावा आणि पानाच्या तळाशी फूटरमध्ये त्याच टॅगची लिंक द्या. बरेचजण इथे चुकतात: लिंक मूळ प्रकल्पाची राहते आणि पॅच, म्हणजे केलेला बदल, आपल्याच सर्व्हरवर पडून असतो.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: आयटेक्स्टसारखी (पीडीएफ बनवणारी) एजीपीएलची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आपल्या कोडमध्येच जोडून सेवा दिलीत, तर तुमचा तो प्रोग्रॅमही एजीपीएलच्या कक्षेत येतो. तिथे व्यावसायिक लायसन्स घ्या, नाहीतर दुसरी लायब्ररी शोधा.

"फ्री नाही" म्हणे! इथे फ्री म्हणजे फुकट नव्हे, वापरायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य. हे लायसन्स 2007 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेच काढलं. ओपन सोर्स लायसन्सं तपासणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची त्याला मान्यता आहे, डेबियन या लिनक्स प्रकल्पालाही ते चालतं. हा आक्षेप लागू पडतो तो एसएसपीएल या वेगळ्या लायसन्सला. डेटाबेस बनवणाऱ्या मॉंगोडीबी कंपनीने 2018 मध्ये एजीपीएल सोडून ते आणलं. सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकलंत तर ते बॅकअप, मॉनिटरिंग, होस्टिंग अशा सगळ्याचा सोर्स मागतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ते ओपन सोर्स नसल्याचं 2021 मध्ये जाहीर सांगितलं. फॉरवर्डमध्ये या दोघांची सरमिसळ झालीय.

गूगलची बंदी खरी आहे, पण ते त्या कंपनीचं अंतर्गत धोरण आहे. आणि वापरायचा हक्क "कायमचा गेला"? आठवं कलम बघा: सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटधारकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि 30 दिवसांच्या आत चूक दुरुस्त केलीत, तर हक्क कायमचा परत मिळतो.